असलेल्या बुलेटला साइडकार जोडावी, की साइडकारसकट तयार गाडी घ्यावी? (वर्धा-यवतमाळ भाग)

काळीमाती
नमस्कार मंडळी. हाताशी २०१८ ची बुलेट ३५० आहे. यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घडणीत), मागे ड्रम ब्रेक, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. घरातल्या वयस्कर बाईमाणसाला गुडघ्यामुळे मागच्या सीटवर टांग टाकून बसता येत नाही. गावापासून तालुका १८ किमी: १४ डांबरी, ३ मुरमाचा, घराकडचा शेवटचा १ पांदण (शेतातली मातीची वाट). येताना संत्र्याचे दोन क्रेट किंवा खताचा एक कट्टा. मालवाहू धंदा नाही.

दोन वाटा दिसतात.
(अ) याच बुलेटला साइडकार बनवून किंवा तयार घेऊन जोडायची.
(ब) जुनी कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनची बुलेट साइडकारसकट विकाऊ आहे, ती घ्यायची.

जोडण्यात पैसे कमी लागतील असं सगळे म्हणतात. जाणकारांनी नीट फोड करून सांगावं.

---

नोंदवही
पैशाच्या आधी कागद बघा, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(२७). मोटारसायकलच्या व्याख्येतच 'सुटी करता येणारी, जादा चाकाची साइडकार' धरलेली आहे. म्हणजे साइडकार ही वस्तू बेकायदा नाही. पण तेवढं वाक्य वाचून लोक थेट वेल्डिंगच्या दुकानात जातात, आणि घोळ तिथून सुरू होतो. कलम ५२ म्हणतं की नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थानेच लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२अ(४) आलं: परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणून क्रम असा. आधी ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे (एमएच-३२ असेल तर वर्धा, एमएच-२९ असेल तर यवतमाळ) तिथे लेखी अर्ज. सोबत साइडकारचं बिल, मापांचं रेखाचित्र, वजन, जोडणीच्या जागा. परवानगी लेखी आली तर काम, मग तपासणी, मग आरसीवर नोंद, मग विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर शेरा. तोंडी 'चालतंय, घेऊन या' यावर एक रुपयासुद्धा खर्च करू नका. विम्याला न सांगता जोडली आणि अपघात झाला तर दावा अडवायला कंपनीला आयतं कारण मिळतं, आणि साइडकारमध्ये बसलेल्या माणसाचा प्रश्न तर त्याहून अवघड.

(ब) ची जमेची बाजू एवढीच की नोंद मुळात साइडकारसह असेल तर हा रस्ता कोणीतरी आधीच चाललेला असतो. पण *असेल तर*. जाहिरातीत 'साइडकार बुलेट' लिहितात आणि आरसीवर साधी मोटारसायकल असते. वाहनाचा वर्ग आणि आसनसंख्या दोन्ही वाचा. 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीत साइडकारसह मोटारसायकल हा वेगळा वर्ग आहे. आसनसंख्या दोनच असेल तर तुमच्या कामाची गाडी नाही.

---

पांदणवाला
राजेहो, कागद होतीन का नाई थे नंतर पाहू. १ किमी पांदन म्हन्ता न भाऊ, थे पावसायात काया मातीची हाय का मुरूम टाकेल हाय? काया मातीची असन तं जोडा का तयार घ्या, मिरगापासून दिवायीपर्यंत डबा (साइडकार) गावातच ठेवा लागते.

---

काळीमाती
काळीच आहे, अर्धवट मुरूम. पावसाळ्यात पांदणीच्या तोंडाशी गाडी ठेवली तरी चालेल.

---

मिस्त्री_हिंगणघाट
मग पांदण सोडून बोलू. जोडायची ठरली तर तुमच्या गाडीला काय काय करावं लागेल ते सविस्तर लिहितो. 'चार क्लॅम्प मारले की झालं' असं जे सांगतात त्यांच्यासाठीही.

यूसीई बुलेटची फ्रेम एका नळीची आहे. पुढची नळी खाली येते आणि इंजिनलाच धरते. इंजिनाखाली फ्रेमचा पाळणा नसतो, इंजिनच फ्रेमचा एक भाग म्हणून ताण घेतं. सरळ चालणाऱ्या गाडीला ते पुरतं. साइडकार बाजूने ओढते, पिळते. तो पीळ इंजिनच्या माउंटिंग प्लेटवर आणि बोल्टवर गेला की आधी बोल्टची भोकं लांबट होतात, मग प्लेटला चीर जाते. म्हणून पहिलं काम सबफ्रेम: पुढच्या नळीच्या खालच्या टोकापासून चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्होटपर्यंत इंजिनाखालून जाणारा पाळणा. ३८ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडीची सीमलेस नळी. फर्निचरची दीड मिमीची नळी दिसायला तशीच दिसते, ती वापरू नका.

जोड चार हवेत. खाली दोन, वर दोन. खालचा पुढचा पाळण्याच्या तोंडाशी, खालचा मागचा पिव्होटजवळ. वरचा पुढचा टाकीखाली, पुढच्या नळीवर जितका वर जमेल तितका. वरचा मागचा शॉकपच्या वरच्या बोल्टपाशी. तीन जोडांवर भागवलेल्या गाड्या दिसतात. चौथा नसला की ब्रेक लावताना साइडकार पुढे झुकते आणि मागचा जोड हलका हलका सैल होत जातो. वरच्या दोन जोडांच्या काठ्या शक्यतो ४५ अंशांच्या आसपास उभ्या हव्यात. फार आडव्या झाल्या तर त्यांच्यावर दुप्पट-तिप्पट ताण येतो.

बोल्ट एम१२ (१२ मिमी जाडीचा), डोक्यावर ८.८ हा ताकदीचा दर्जा कोरलेला असलाच पाहिजे, १०.९ मिळाला तर उत्तम. डोक्यावर काहीच न लिहिलेला बोल्ट ट्रॉलीला लावा, इथे नको. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले), आणि ते एकदा उघडले की नवे. वरच्या काठीच्या एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्याला उलटे, म्हणजे काठी जागेवर फिरवून लांबी बदलता येते. आय-बोल्टचा आटा आत निदान १८ मिमी गेलेला असावा. समायोजन करताना आटे बाहेर बाहेर येत जातात आणि शेवटी चार आट्यांवर सगळा भार लटकतो. जोड तुटण्याची प्रकरणं बरीचशी इथलीच.

आणि डाव्या बाजूचे खास त्रास, कारण आपल्याकडे साइडकार डावीकडे:
साइड स्टँड काढावा लागतो. (बीएस-६ गाडी असेल तर स्टँडच्या स्विचमुळे गिअर टाकताच इंजिन बंद पडतं, त्याची नीट सोय करावी लागते. तुमच्या २०१८ ला ही कटकट नसावी.)
साडी गार्ड निघतो.
गिअरचा पाय डावीकडे, म्हणून खालचा पुढचा जोड बुटाच्या पंज्याला लागणार नाही इतका मागे किंवा खाली. आधी बूट घालून बसा, मग क्लॅम्पची जागा खुणेने ठरवा. चप्पल घालून माप घेऊ नका.
चेन ताणायला आणि मागचं चाक काढायला हात जाईल एवढी जागा ठेवा. पंक्चर काढायला दर वेळी डबा सोडावा लागत असेल तर जोडणी चुकली.
डावा इंडिकेटर डब्यामागे लपतो, तो डब्याच्या बाहेरच्या कडेवर न्या. तिथेच पुढे पांढरा, मागे लाल दिवा. रात्री समोरच्याला एकच दिवा दिसला तर तो साधी मोटारसायकल समजून तेवढीच जागा सोडतो.

---

काळीमाती
फ्रेमवर थेट वेल्डिंग केलं तर? क्लॅम्प सरकतात म्हणे.

---

मिस्त्री_हिंगणघाट
फ्रेमला वेल्डिंगची कांडी लावू नका. वेल्डच्या शेजारची पट्टी तापून तिचा गुण बदलतो आणि चीर पडते ती वेल्डवर नाही, वेल्डच्या कडेला. शिवाय आरटीओत फ्रेमला हात लावलेली गाडी दाखवणं म्हणजे स्वतःहून नाही म्हणवून घेणं.

क्लॅम्प सरकतो तो दोन कारणांनी. यू-बोल्टचा क्लॅम्प असतो, नळीला दोनच रेषांत टेकतो. किंवा खाली रंग असतो. दोन अर्ध्या भागांचा, नळीच्या मापाने बोअर केलेला, ४० मिमी तरी रुंद क्लॅम्प करून घ्या. नळीचा रंग खरवडा, घट्ट केल्यावर दोन भागांमध्ये एक-दीड मिमी फट उरली पाहिजे. फट मिटली म्हणजे क्लॅम्प स्वतःलाच धरतोय, नळीला नाही. हे लेथवर होतं, तालुक्याच्या ठिकाणी पंप दुरुस्तीवाल्यांकडे लेथ असतोच.

---

स्प्लेंडर_जिंदाबाद
एवढं कशाला, १०० सीसीला पण लावतात लोक. आमच्याकडे बघितली आहे दही-दुधाची.

---

मिस्त्री_हिंगणघाट
बघितली असेल. आठ हॉर्सपॉवर, गाडी स्वतः ११२ किलोच्या आसपास. तिला ७० किलोचा डबा आणि दोन ४० लिटरचे कॅन. सपाटीवर जाते, हो. उताराला पुढचा ड्रम ब्रेक ती थांबवत नाही. माणूस बसवायचा असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

बुलेटचंही ऐका, तिथेही भाबडेपणा नको. गाडी १९०, साइडकार ८० ते १००, तीन माणसं २००. म्हणजे ४८० किलो आणि ताकद वीसच्या आत. त्यामुळे:
पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी. वेग जातो, पण क्लच वाचतो. ६० च्या वर पळवायची गाडीच नाही ही.
क्लच प्लेटा नव्या टाकूनच सुरुवात.
मागचे शॉकप जाड स्प्रिंगचे. पुढच्या शॉकपमध्ये एक ग्रेड जाड तेल.
हँडलचे बॉल रेसर बदलून टेपर रोलर बेअरिंग. २५ ते ४० च्या दरम्यान हँडल डावी-उजवीकडे फडफडतं, ते निम्मं इथे थांबतं. उरलेल्यासाठी स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची फडफड दाबणारा छोटा शॉकप).
मागच्या चाकाचे आरे. दोनचाकी गाडी वळताना झुकते, म्हणून आऱ्यांवर बाजूचा जोर येत नाही. साइडकारची गाडी झुकत नाही, सगळा जोर आडवा. दर पंधरवड्याला पेन्सिलने एकेक आरा वाजवून बघा, बद्द वाजला की तो सैल.
टायर गोल माथ्याचा असेल तर मधोमध पट्टा पडून लवकर जातो. सपाट माथ्याचा घ्या.
मायलेज तिसऱ्या हिश्शाने पडेल असं धरून चाला.

या यादीचे पैसे 'जोडणं स्वस्त' म्हणणारे धरतच नाहीत. नुसता डबा आणि क्लॅम्प यांच्या बेरजेला ते 'खर्च' म्हणतात.

---

जुनंलोखंड
मी (ब) च्या बाजूने. पण डोळे उघडे ठेवून.

कास्ट आयर्न बुलेटला साइडकारसाठी एक फायदा आहे जो फारसा कोणी बोलत नाही: जुन्या उजव्या गिअरच्या गाडीत मागच्या ब्रेकचा पाय *डावीकडे* असतो. म्हणजे साइडकारच्या चाकाच्या ब्रेकची केबल त्याच पेडलवरून सरळ काढता येते. धागाकर्त्याच्या २०१८ च्या गाडीत पेडल उजवीकडे, तिथून गाडीखालून आडवा दांडा किंवा लांब केबल आणावी लागेल. दुसरं म्हणजे जुन्या मालकाने दहा वर्षं चालवलेली जोडणी असेल तर तिची माप-जुळणी बहुधा झालेली असते. बहुधा.

बघायला जाताना सोबत ओळंबा, सूत, टॉर्च, १० मिमीचा ड्रिलचा दांडा आणि एक लहान हातोडी न्या.

१. आरसी आणि चॅसिस नंबर. नंबर फ्रेमच्या मानेवर कोरलेला बघा, चोळून. राज्याबाहेरची गाडी असेल तर एनओसी आधी, पैसे नंतर. १५ वर्षांपुढची असेल तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, किती काळाचं शिल्लक आहे. एका वेळी पाच वर्षांचं मिळतं. तपासणीत नापास झाली तर डबा कोंबड्यांना.

२. साइडकारची फ्रेम आतून. नळीत पाणी साचतं, बाहेरून रंग चकचकीत आणि आतून पापुद्रा. हातोडीने खालच्या बाजूने टकटक करत जा. खणखणीत आवाज बदलून भद्द झाला तिथे थांबा. चाकाच्या आसाजवळ आणि पुढच्या वाकणावर हमखास.

३. जोडांची भोकं. बोल्ट सैल करायला लावा (विकणारा नाही म्हणाला तर समजून घ्या), ड्रिलचा दांडा घालून भोक गोल आहे की लांबट ते बघा.

४. टायर. डाव्या चाकाचा टायर एका कडेने करवतीसारखा झिजलेला असेल तर जुळणी बिघडलेली आहे. दुरुस्त होते, पण का बिघडली ते शोधा. फ्रेम वाकली असेल तर काठ्या फिरवून कधीच जुळणार नाही.

५. डबा रिकामा ठेवून आणि एक माणूस बसवून, दोन्ही प्रकारे चालवा. फक्त माणूस बसवून चालवायला देतात ते उगाच नाही.

६. चिमट्याचे बुश. मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. साइडकारच्या गाडीचे बुश लवकर जातात.

इंजिनबद्दल लिहीत नाही. कास्ट आयर्नचं काम जमणारा मिस्त्री अजून जिल्ह्याजिल्ह्यात आहे, भाग मिळतात. सडलेली फ्रेम मात्र बदलूनच टाकावी लागते.

---

नोंदवही
मुद्दा १ ला जोड: 'फक्त साइडकार काढून दुसऱ्या गाडीची लावली आहे' अशी गाडीही येते. आरसी साइडकारची, पण आरसीतली साइडकार वेगळीच. त्यामुळे जुनी तपासणीची कागदपत्रं, विम्याची जुनी पॉलिसी मागा. पॉलिसीत साइडकारचा उल्लेख असेल तर कागदांची साखळी पक्की.

---

उरल_का_नको
'तयार साइडकार गाडी' म्हटल्यावर रशियन उरल कोणीच काढली नाही? ७४९ सीसी, शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी दांडा), रिव्हर्स गिअर, आणि गिअर-अप मॉडेलला साइडकारचं चाकसुद्धा इंजिनवर फिरवता येतं. पांदणीला तीच.

---

मिस्त्री_हिंगणघाट
गाडी म्हणून नंबर एक. आयात कर भरून, परवानग्या काढून आणायची, क्लच केबल तुटली की वाट बघायची. २०२२ पासून तर तिची जुळणी रशियातल्या इर्बिटऐवजी कझाकस्तानात पेट्रोपाव्लला होते. शिवाय तिचा डबा सामान्यतः उजवीकडे. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे बसणारी बाई रस्त्याच्या मधोमध, समोरून येणाऱ्या ट्रकच्या बाजूला. आणि रस्त्याचा उतार डावीकडे, सगळी जुळणी उलटी.

पण ती एका कामासाठी बघावी: कारखान्यात साइडकारसाठीच बनवलेल्या गाडीत काय असतं ते कळतं. पुढचा फोर्क वेगळा (लीडिंग लिंक), त्यामुळे हँडल हलकं. साइडकारला ब्रेक. मागे जायला गिअर. चाकं एकसारखी, एक स्टेपनी तिन्हीला चालते. यातली शेवटची गोष्ट आपल्यालाही जमते: डब्याला बुलेटच्याच मापाचं चाक लावा, स्कूटरचं छोटं चाक नको. खड्ड्यात छोटं चाक पूर्ण बुडतं.

---

पांदणवाला
चाकाचं काढलं तं एक सांगतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या रुंद असते. साइडकारचं अंतर असते सव्वा मीटरच्या आत. म्हून गाडी एका चाकोरीत टाकली का डब्याचं चाक मधातल्या उंचवट्याच्या बगलेवर चढते, गाडी उजवीकडं कलते. दोन्ही चाकोऱ्या सोडून मधात घेतली तं डबा घसरत चाकोरीत येते. वायल्यावर चालते, वल्ल्यात नाई. न मडगार्ड चार बोटं वर ठेवा चाकाच्या. काई माती चाकाले गुंडायली का मडगार्डात ठासून बसते, चाक फिरतच नाई, मंग तीन चाकाची गाडी घसरगुंडी होते.

---

ट्रायसायकल
सर्वांना, जुळणीचं कोणीच लिहिलं नाही अजून. साइडकारचं चाक थोडं बाहेर म्हणजे डावीकडे तोंड करून ठेवायचं ना? म्हणजे ओढ निघते.

---

ओळंबा
उलटं. आत. डाव्या चाकाचं तोंड किंचित उजवीकडे, गाडीकडे. याला टो-इन म्हणतात. डब्याचं वजन आणि वारा गाडीला डावीकडे ओढतात, आत वळवलेलं चाक ती ओढ कापतं. बाहेर वळवलं तर ओढ वाढेल आणि टायर महिन्याभरात जाईल.

माप कसं घ्यायचं: सपाट सिमेंटची जागा. बाजार समितीचा ओटा, शाळेचा व्हरांडा, काहीही. अडीच मीटरचे दोन सरळ ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप. एक बुलेटच्या दोन्ही टायरांना लावून, दुसरा डब्याच्या टायरला लावून, दोन्ही विटांवर साधारण दहा सेंमी उंच. पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद असू शकतो. पुढे ९०, मागे ११० असेल तर पुढच्या टायरपाशी पाइपमध्ये १० मिमी फट राहिली पाहिजे. ती न ठेवता पाइप दोन्ही टायरांना चिकटवला तर सगळंच माप चुकतं. आता दोन पाइपांमधलं अंतर पुढच्या टायरपाशी आणि मागच्या टायरपाशी मोजा. पुढे १२ ते २० मिमी कमी हवं. २५ च्या वर नको.

दुसरं, झुकाव. बुलेट डब्यापासून बाहेर, म्हणजे उजवीकडे एक ते दोन अंश झुकलेली हवी. कोन मोजायचं यंत्र लागत नाही. मागच्या रिमच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडा, खालच्या कडेशी किती फरक पडतो ते बघा. १८ इंची रिमला दीड अंश म्हणजे सुमारे १२ मिमी. हे माप चालवणारा बसलेला असताना आणि डब्यात नेहमीचं वजन असताना घ्यायचं. रिकाम्या गाडीवर घेतलं तर माणूस बसताच सगळं बदलतं.

तिसरं, डब्याच्या चाकाचा आस मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे हवा. बुलेटला १४० ते २०० मिमी. समोरासमोर ठेवला तर उजव्या वळणावर ब्रेक लावताना डबा नाकावर जातो. फार पुढे नेला तर हँडल जड आणि टायर घासतो. हे नंतर बदलता येत नाही, फ्रेम बनवतानाच ठरतं, म्हणून रेखाचित्रात लिहूनच द्या.

नंतर रस्त्यावर. सपाट डांबरीवर ताशी ४० ला हँडल हलकं सोडा. डावीकडे जात असेल तर वरच्या काठ्या लांब करून झुकाव थोडा वाढवा, अर्धा आटा, परत चालवा. उजवीकडे जात असेल तर कमी करा. आधी झुकाव, मग टो-इन. दोन्ही एकदम फिरवले तर कशाने काय झालं कळत नाही.

---

ट्रायसायकल
चूक कबूल. आणि चालवण्यात फरक?

---

ओळंबा
जोरात रेस केली की गाडी डावीकडे जाते. ब्रेक मारला की उजवीकडे, म्हणजे समोरच्या गाडीच्या अंगावर, कारण डबा थांबत नाही. म्हणून डब्याच्या चाकाला ब्रेक हवाच. ड्रम असेल तर केबलने. पण तो मागच्या चाकाच्या आधी लॉक होऊ नये, थोडा सैलच ठेवायचा. (नवीन दोन चॅनल एबीएसच्या गाडीच्या मागच्या पाइपातून टी काढून हा ब्रेक देऊ नका, एबीएसचा हिशेब बिघडतो. वेगळा मास्टर सिलिंडर किंवा केबल.)

वळणात हँडल *फिरवावं* लागतं, गाडी झुकत नाही. दोनचाकीची सवय असलेला माणूस पहिल्या दिवशी झुकायला जातो आणि सरळ नाल्यात. धोक्याचं वळण डावं: डबा उचलतो.

ढोबळ हिशेब देतो. बुलेट १९५, चालवणारा ७०, रिकामा डबा ८०, एकूण वजनाचा मध्य जमिनीपासून ६० सेंमी. १५ मीटर त्रिज्येच्या डाव्या वळणावर, म्हणजे गावातल्या साध्या चौकात, ताशी २२-२३ किमीलाच डबा जमीन सोडतो. डब्यात ४० किलोची रेतीची पिशवी, बाहेरच्या बाजूला चाकाशेजारी तळाला बांधली, की तोच आकडा २७ च्या आसपास जातो. म्हणून एकट्याने चालवताना पिशवी सोबत. डब्यात सैल ठेवू नका, सरकते. अर्धा कट्टा खत चालतं, पण परत येताना ते नसतं हे लक्षात ठेवा.

डबा उचलला तर एकदम रेस सोडून ब्रेक मारू नका. हँडल किंचित सरळ करा, बसतो. हे मोकळ्या पटांगणात, पिशवीसकट, दहा-बारा किमीवर गोल फिरत शिकायचं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा घाट शिकण्याची जागा नाही.

---

जुनंलोखंड
पिशवीबद्दल शंभर टक्के.

काळीमाती, तुमच्या बाबतीत माझं मत: आरसी स्वच्छ असेल आणि फ्रेम वाजवून खणखणीत निघाली तर जुनी घ्या, तुमची २०१८ ची आहे तशी राहू द्या. ती सबफ्रेम आणि क्लॅम्प लावून विकायला काढली तर अर्ध्या भावात जाईल. आरसीत साइडकार नसेल तर मात्र दोन्ही वाटा एकसारख्याच: परवानगीचा प्रश्न दोन्हीकडे उभा. मग जुन्या गंजलेल्या फ्रेमपेक्षा स्वतःच्या माहितीची गाडी बरी.

---

मिस्त्री_हिंगणघाट
याच्याशी सहमत, एक सोडून. जुनी घेतली तरी मी वर लिहिलेली यादी (बेअरिंग, आरे, शॉकप, बोल्ट) पहिल्या महिन्यात करायचीच. 'तयार' म्हणजे काम संपलं असं नाही.

---

काळीमाती
सर्वांचे आभार. आधी आरसीची छायाप्रत मागवतो, वर्ग आणि आसनसंख्या बघतो. ठीक असेल तर ओळंबा-हातोडी घेऊन जातो. नसेल तर २०१८ साठी लेखी अर्ज, उत्तर येईपर्यंत काही नाही.

दोन शंका उरल्या. वयस्कर माणसाला चढ-उतार कसा सोपा करायचा? आणि स्टँड नाही तर उतारावर गाडी उभी कशी ठेवायची?

---

मिस्त्री_हिंगणघाट
डब्याचा काठ जमिनीपासून ५०-५५ सेंमीच्या वर नको आणि डाव्या बाजूला दार हवं. बंद काठाच्या डब्यात गुडघे दुखणारा माणूस पाय उचलून जाऊच शकत नाही. दार केलं की त्या बाजूची ताकद कमी होते, म्हणून खालून २५ मिमीची चौकोनी नळी आडवी टाकून घ्या. बाहेर १५ सेंमी रुंद पायरी, तिला जाळीदार पत्रा, गुळगुळीत नको. समोर हाताला धरायला दांडा, सीटला पट्टा. आणि सीटच्या खाली निदान ४ इंच फोम, कारण मुरमाच्या रस्त्यावर साइडकारचा शॉकप एकटाच असतो.

---

ओळंबा
उभी करताना: पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि एक लाकडी पाचर दोरीने डब्याला बांधूनच ठेवा. पाचर मागच्या चाकाला, उताराच्या बाजूने. डब्याच्या चाकाला लावली तर गाडी त्या चाकाभोवती फिरते आणि मागचा भाग रस्त्यावर येतो. माणूस उतरण्याच्या *आधी* पाचर, नंतर नाही. पायरीवर वजन पडलं की गाडी हलते.

आणि नट. पहिल्या ५० किमीनंतर, मग २०० ला, मग दर ५०० ला सगळे जोड पाना लावून बघा. घट्ट केल्यावर नट आणि प्लेट यांच्यावरून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, वाकून बघितलं तरी कळतं.

---

पांदणवाला
रेघ पिवया रंगाची ओढजा. लाल मारसान तं धुयीत दिसत नाई.